'अबाउट टाइम': पाहण्याआधी आणि पाहून झाल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'अबाउट टाइम' हा २०१३ सालचा ब्रिटिश सिनेमा मी बऱ्याच जणांना सुचवत असतो. सुचवला की प्रश्न येतात. काही पाहण्याआधी येतात, आणि पाहून झाल्यावर त्याहून जास्त. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहितो आहे. पहिल्या भागात शेवट कळणार नाही याची काळजी घेतली आहे. दुसऱ्या भागात सगळं उघड लिहिलं आहे, त्यामुळे सिनेमा पाहिला नसेल तर मधल्या सूचनेपाशी थांबा.

पाहण्याआधी

गोष्ट थोडक्यात काय आहे?

टिम लेक हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, समुद्राजवळच्या मोठ्या घरात वाढलेला लाजाळू मुलगा. एकवीस वर्षांचा झाल्यावर, नववर्षाच्या पार्टीच्या दुसऱ्या दिवशी, वडील त्याला बोलावून घेतात आणि सांगतात की आपल्या घराण्यातल्या पुरुषांना काळात मागे जाता येतं. कपाटासारख्या अंधाऱ्या जागी उभं राहायचं, मुठी आवळायच्या आणि जिथे जायचं तो क्षण मनात आणायचा. टिमला पैसा किंवा प्रसिद्धी नको असते, त्याला प्रेयसी हवी असते. तो वकिली करायला लंडनला जातो, तिथे मेरी भेटते, लग्न होतं, मुलं होतात. इथपर्यंत जाहिरातीतही दिसतं. सिनेमाचा खरा जीव मात्र टिम आणि त्याच्या वडिलांच्या नात्यात आहे, आणि ते जाहिरातीत जवळपास नाहीच.

कोणी केला आहे? कोण कोण आहे?

लेखक आणि दिग्दर्शक रिचर्ड कर्टिस. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' (१९९४) आणि 'नॉटिंग हिल' (१९९९) यांच्या पटकथा त्यांच्याच. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा तिसरा सिनेमा, 'लव्ह ॲक्चुअली' (२००३) आणि 'द बोट दॅट रॉक्ड' (२००९) यांच्यानंतरचा. टिम झालाय डोनल ग्लीसन, मेरी रेचल मॅकॲडम्स, वडील बिल नाय, आई लिंडसे डंकन आणि बहीण किट कॅट लिडिया विल्सन. मार्गो रॉबी आणि व्हेनेसा कर्बी नंतर फार मोठ्या झाल्या, पण इथे त्या छोट्या भूमिकांत आहेत. रिचर्ड ग्रिफिथ्स नाटकातल्या नटाच्या भूमिकेत क्षणभर दिसतात. मार्च २०१३ मध्ये ते वारले, सिनेमा त्यानंतर प्रदर्शित झाला.

विज्ञानकथा मला झेपत नाहीत. चालेल का?

हो. यात यंत्र नाही, भविष्यातलं शहर नाही, सूत्रं नाहीत. एक कपाट आहे.

घरच्यांबरोबर बसून बघता येईल?

ब्रिटनमध्ये याला १२ए प्रमाणपत्र मिळालं (बारा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबर पाहावा), अमेरिकेत आर (सतरा वर्षांखालच्यांना पालकांशिवाय प्रवेश नाही). यावरूनच कळतं की ते पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. शिव्या आहेत, आणि टिम-मेरीच्या पहिल्या रात्रीचा प्रसंग आहे. तो विनोदी आहे, बीभत्स नाही, पण आजी-आजोबा आणि नातवंडं एकाच सोफ्यावर असतील तर अवघडल्यासारखं होईल. मोठ्या झालेल्या मुलांनी वडिलांबरोबर पाहावा असं मला मनापासून वाटतं. अवघडलेली पाच मिनिटं सोसण्याजोगं पुढे बरंच काही आहे.

गुळमट प्रेमकथांचा मला कंटाळा आहे. तरी पाहू?

पहिला तासभर तुम्हाला थोडा गोड वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. घर सुंदर, माणसं सज्जन, पैशाची ददात नाही. पण मेरी आणि टिमचं लग्न सिनेमाच्या मध्याच्या आसपास उरकतं, आणि साधारण प्रेमकथा जिथे संपते तिथून याचा उत्तम भाग सुरू होतो. दोन तास आणि तीन मिनिटांचा सिनेमा आहे, दुसरा तास पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

आमच्या घरी नुकतंच कोणी गेलं आहे. आत्ता पाहावा का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, म्हणून नीट उत्तर देतो. आजारपण आणि मृत्यू यात आहेत. दवाखान्यातली यातना, नळ्या, शेवटचा श्वास असं काही दाखवलेलं नाही. तरीही रडू येतं. गेलेल्या माणसाला पुन्हा भेटता आलं तर काय होईल, नेमक्या त्याच इच्छेला हा सिनेमा हात घालतो.

आपल्याकडे दहावं-तेरावं होईपर्यंत घर भरलेलं असतं. कोणी पिठलं-भात पाठवतं, कोणी बँकेची कामं अंगावर घेतं. मग सगळे आपापल्या गावी परततात आणि खरं दुःख त्यानंतर सुरू होतं. माझे वडील गेल्यावर मी हा सिनेमा त्या नंतरच्या दिवसांत पाहिला आणि मला बरं वाटलं, कारण 'सावर आता', 'वेळ हेच औषध' असं यात कोणीच कोणाला म्हणत नाही. पण पहिल्या महिन्यात मला तो सोसला नसता. तुमच्या मनाला विचारा. आज नको वाटत असेल तर वर्षश्राद्धानंतर पाहा, सिनेमा कुठे जात नाही. आणि शक्यतो एकट्याने पाहू नका.

इथून पुढे सगळं कथानक उघड आहे

काळप्रवासाचे नियम नेमके काय?

फक्त मागे जाता येतं, तेही स्वतःच्या आयुष्यात आणि स्वतःला आठवणाऱ्या क्षणी. शिवाजी महाराजांच्या काळात जाऊन रायगड पाहणं या पद्धतीत बसत नाही. मागे जाऊन एखादी गोष्ट बदलली तर पुढचं त्याप्रमाणे बदलतं.

मुख्य नियम टिमला बऱ्याच उशिरा कळतो, आणि सगळी कथा त्याच्यावर उभी आहे. मुलाची गर्भधारणा होण्याआधीच्या काळात जाऊन काही बदललं तर तेच मूल जन्माला येत नाही. मूल होतं, पण दुसरं. क्षणाचा फरक पडला तरी वेगळं बीज, वेगळा जीव. म्हणजे प्रत्येक बाळंतपणाबरोबर टिमच्या मागचं एकेक दार बंद होत जातं. नियमाची ही आखणी मला फार आवडते. बहुतेक काळप्रवासाच्या गोष्टींत नायकाची ताकद वाढत जाते, इथे ती आकसत जाते, आणि तिला आकसवणारी गोष्ट आनंदाचीच असते.

शार्लटचा भाग कशाला ठेवला आहे? पुढे तिचं काही होत नाही.

शार्लट उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी राहायला येते आणि टिम तिच्या प्रेमात पडतो. सुट्टीच्या शेवटच्या रात्री तो तिला विचारतो. ती म्हणते, एवढा उशीर का केलास? तो मागे जातो आणि सुट्टीच्या मध्येच विचारतो. तेव्हा ती म्हणते, शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू या. दोन्ही वेळा नकारच, फक्त शब्द निराळे. पुढे कितीही मागे-पुढे जाता आलं तरी समोरच्याच्या मनात नसलेलं प्रेम उगवत नाही, हे टिमला इथे कळतं. स्वीकाराचा पहिला धडा त्याला मृत्यूच्या कितीतरी आधी मिळतो. तो कापला असता तर पुढचं सगळं अधांतरी राहिलं असतं.

अंधारातलं रेस्टॉरंट खरं आहे की सिनेमासाठी बनवलं?

खरं आहे. लंडनच्या क्लर्कनवेल भागातलं 'दाँ ल न्वार'. तिथे मिट्ट काळोखात जेवतात आणि वाढपी दृष्टिहीन असतात. टिम आणि 'जे' नावाचा त्याचा मित्र तिथे मेरी आणि तिची मैत्रीण जोआना यांना भेटतात. तो बराच वेळ पडदा जवळपास काळाच राहतो आणि आपण फक्त आवाज ऐकतो. हशा, अडखळणं, काट्याचा आवाज. रूप दिसायच्या आधी टिमला मेरीचा स्वभाव कळतो. मग दोघं मुलगे रस्त्यावर येऊन थांबतात, आणि मुली बाहेर येतात.

पुढचं तर जास्त बोलकं आहे. टिम लंडनमध्ये हॅरी नावाच्या तिरसट नाटककाराकडे राहत असतो. त्याच रात्री हॅरीच्या नव्या नाटकात नट संवाद विसरतो आणि नाटक पडतं. टिम मागे जाऊन ते सावरतो. पण मग त्या रात्री तो रेस्टॉरंटमध्ये गेलेलाच नसतो. मेरी भेटलेलीच नसते, फोनमधला नंबर नाहीसा होतो. एका माणसाचं भलं करताना स्वतःचं सर्वांत मोलाचं हातचं जातं, आणि हॅरी आभारही मानत नाही.

मेरीला तो शेवटपर्यंत सांगत नाही. ही फसवणूक नाही का?

आहे, माझ्या मते. तिला पुन्हा शोधायला टिम केट मॉस या ब्रिटिश मॉडेलच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात जाऊन बसतो, कारण तिला केट मॉस आवडते हे त्याला पुसल्या गेलेल्या भेटीतून ठाऊक असतं. तोवर तिला रुपर्ट नावाचा मित्र मिळालेला असतो. टिम त्या दोघांची ओळख कुठल्या पार्टीत झाली ते काढून घेतो, मागे जातो आणि रुपर्ट यायच्या आधी तिला घेऊन बाहेर पडतो. तिच्या आवडीनिवडी तो तिलाच पाठ म्हणून दाखवतो. पहिली रात्रही तो एकाहून अधिक वेळा जगतो. तिच्यासाठी ती एकच असते. दोघांपैकी एकालाच पाटी पुसायचा अधिकार आहे आणि दुसऱ्याला पाटी आहे हेच माहीत नाही.

कर्टिस यांनी हे सगळं गमतीत नेलं आहे, आणि डोनल ग्लीसनच्या चेहऱ्यावरच्या भाबडेपणामुळे ते खपून जातं. दुसरा कोणी नट असता तर अंगावर काटा आला असता. मेरीचं पात्रही टिमच्या मानाने पातळ लिहिलं आहे. तिची नोकरी आहे, आईवडील आहेत, पण तिला स्वतःचा असा पेच नाही. सिनेमावर माझं प्रेम आहे, पण ही उणीव मी झाकणार नाही. ज्यांना ती खटकते त्यांचं बरोबर आहे.

ही शक्ती फक्त पुरुषांनाच का?

सिनेमात कारण दिलेलं नाही. कथेची सोय म्हणून ते आलं असावं, कारण वडील आणि मुलगा यांच्यात एक गुपित हवं होतं. सोय म्हणून समजतं, न्याय म्हणून पटत नाही. किट कॅटच्या प्रसंगात टिम बहिणीचा हात धरून तिलाही मागे नेतो. म्हणजे बाईला जाता येतं, कोणी नेलं तर!

लग्नाच्या दिवशी एवढा पाऊस पडतो, मग टिम तो दिवस बदलत का नाही?

मेरी लाल पोशाखात चर्चमध्ये येते तेव्हा जिमी फोंताना या इटालियन गायकाचं 'इल मोंदो' हे १९६५ सालचं गाणं वाजत असतं. मग वादळ येतं. पाहुणे पळतात, छत्र्या उलट्या होतात, मांडव कोसळतो. टिमला हे सगळं सहज टाळता आलं असतं. पण भिजलेली मेरी हसत असते. दुसरा कोरडा दिवस चालला असता का, असं विचारल्यावर ती नाही म्हणते. म्हणून तो दिवस राहतो.

त्याच दिवसाची एक गोष्ट मात्र तो पुनःपुन्हा बदलतो: वराच्या बाजूने भाषण कोणी करायचं ती. मित्र एकामागून एक घोटाळा करतात आणि शेवटी वडील उभे राहतात. भाषण झाल्यावर वडील स्वतःच मागे जातात आणि पुन्हा बोलतात, कारण पहिल्या खेपेला मनातलं पुरतं सांगून झालं नव्हतं. आपण आयुष्यात फार थोड्या पुरुषांवर प्रेम केलं आणि हा मुलगा त्यांतला एक, असं ते चारचौघांत सांगतात. त्या मोजक्यांत टिमच्या साध्याभोळ्या डेसमंडमामाचाही नंबर लागतो. लग्न करणाऱ्यांना त्यांचा सल्ला एवढाच की जोडीदार दयाळू असावा.

मराठी घरांतले बाप मुलाच्या लग्नात हॉलवाल्याचा हिशोब बघत असतात, पाहुण्यांना जेवून जा म्हणत असतात. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडी येत नाही, बहुतेक वेळा मनात असूनही. हा प्रसंग पाहताना आपल्याकडचे मुलगे हमखास गप्प होतात ते त्यामुळेच.

किट कॅटची गोष्ट समजली नाही. अपघात टाळून पुन्हा का होऊ दिला?

किट कॅट ही टिमची धाकटी बहीण, घरातलं वारं. लंडनमध्ये तिचं आयुष्य विस्कटतं. दारू, हातची गेलेली नोकरी, आणि जिमी नावाचा नालायक मित्र. टिमची मुलगी पोझी हिच्या पहिल्या वाढदिवसाला किट कॅट येत नाही, तिचा मोटारीचा अपघात होतो. टिम तिला घेऊन त्या जुन्या नववर्षाच्या पार्टीत जातो, म्हणजे जिमी तिच्या आयुष्यात येणारच नाही. परत येतो तर बहीण ठणठणीत. घरी जाऊन पाहतो तर पाळण्यात पोझीच्या जागी एक अनोळखी मुलगा.

मुलांचा तो नियम टिमला इथे कळतो. पोझी परत हवी असेल तर जिमी आणि अपघात दोन्ही परत घ्यावे लागतात. तो घेतो. मग तो आणि मेरी दवाखान्यात किट कॅटच्या उशाशी बसतात आणि तिला आयुष्य बदलायला मदत करतात. ते बदलायचं की नाही ते तीच ठरवते. पुढे ती टिमचा मित्र 'जे' याच्याबरोबर सुखी होते.

घरात कोणी व्यसनात अडकलेलं असेल त्यांनी हा भाग जरूर पाहावा. आपण जाऊन दुसऱ्याचा भूतकाळ दुरुस्त करू शकत नाही, हे ऐकायला कठोर आहे. सिनेमा ते बोलून दाखवत नाही. तो टिमला एक अनोळखी बाळ दाखवतो.

वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग होतो. मग ते मागे जाऊन सिगारेट का सोडत नाहीत?

कारण सिगारेटचं व्यसन मुलं होण्याआधीचं आहे. तेव्हाचं काही बदललं तर टिम आणि किट कॅट हे दोघं जन्मालाच येणार नाहीत. वडिलांनी हिशोब केव्हाच करून ठेवलेला असतो. मुलांच्या बदल्यात वर्षं नकोत. ते हे बोलतात तेही सहज, बाजाराची यादी सांगावी तसं. बिल नाय यांच्या कामाची हीच गंमत आहे: वाक्य जितकं जड, आवाज तितका हलका.

सिनेमाच्या पहिल्या काही मिनिटांत टिम सांगतो की वडील विद्यापीठात शिकवायचे आणि पन्नासाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. मग त्यांना केव्हाही गप्पा मारायला आणि टेबल टेनिस खेळायला वेळ असायचा. तेव्हा ते हौशी माणसाचं वर्णन वाटतं. आजार कळल्यावर त्याचा अर्थ बदलतो. आपल्याला किती वेळ आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि तो त्यांनी मुलांसाठी काढून ठेवला होता.

आईच्या दुःखाला जागाच नाही का?

थोडी आहे, पण जी आहे ती कमालीची आहे. लिंडसे डंकन यांची आई आधीपासूनच करड्या शिस्तीची, मोजकं बोलणारी. नवरा जाणार हे कळल्यावर ती रडत नाही, चिडते. त्याच्याशिवायच्या आयुष्यात मला काडीचाही रस नाही, असं ती मुलाला स्पष्ट सांगते. तिला मागे जाता येत नाही. टिमला वडील पुन्हा भेटत राहतात, हिला नाही. सिनेमा यावर थांबला असता तर मला आवडलं असतं.

तिसऱ्या मुलाचा निर्णय एवढा मोठा का?

वडील गेल्यानंतरही टिम त्यांना भेटत राहतो. दुःख अनावर झालं की कपाटात जायचं, आणि वडील पुस्तक वाचत बसलेले असतात, बोलायला मोकळे. दोन मुलं आधीच झालेली असतात आणि त्यांच्या जन्मानंतर वडील जिवंत असल्याचे दिवसही असतात, म्हणून हे चालतं. मग मेरीला तिसरं मूल हवंसं वाटतं. ते मूल राहील वडील गेल्यानंतरच्या काळात. म्हणजे ते जन्मलं की वडील जिवंत असलेला प्रत्येक दिवस त्याच्या आधीचा ठरतो. एकदाही मागे जाता येणार नाही.

टिमला निवड करायची आहे ती गेलेल्या माणसात आणि अजून न आलेल्या माणसात. मेरीला यातलं काहीच ठाऊक नाही, तिच्या दृष्टीने हा साधा संसारातला प्रश्न आहे. टिम हो म्हणतो.

स्वीकार म्हणजे नाइलाज असं आपण समजतो. हातात काही नाही म्हणून मान खाली घालायची. इथे टिमच्या हातात सगळं आहे. त्याला आणखी वीस वर्षं दर संध्याकाळी वडिलांना भेटता आलं असतं. तरी तो स्वतःच्या हाताने दार लावतो, कारण पलीकडे येऊ घातलेलं लेकरू आहे. दुःखावरचे मी पाहिलेले बहुतेक सिनेमे माणसाला सोडून द्यायला शिकवतात. हा विचारतो की कशासाठी सोडतोस? आणि उत्तर असल्याशिवाय सोडायला सांगत नाही. म्हणूनच माझ्या लेखी याची जागा वेगळी आहे.

शेवटी बाप-लेक समुद्रावर जातात, तिथे नियम मोडतो ना?

मोडतो. बाळ होण्याच्या वेळेला टिम अखेरचा वडिलांना भेटतो. टेबल टेनिस खेळतात, आणि ही शेवटची भेट आहे हे वडिलांच्या ध्यानात येतं. मग ते दोघं टिम लहान असतानाच्या एका दिवशी जातात आणि समुद्रावर फिरतात. पाण्यावर दगडांच्या भाकऱ्या काढतात, धावतात. तो दिवस तिन्ही मुलांच्या कितीतरी आधीचा. नियमाप्रमाणे तिन्ही धोक्यात यायला हवीत. काहीही बदलायचं नाही, जसा घडला तसाच तो दिवस जगायचा, ही सिनेमाने काढलेली पळवाट. तर्काला ती पुरत नाही. किट कॅटच्या प्रसंगात सगळं उलट फिरवल्यावर नेमकी तीच पोझी परत कशी मिळते, हेही सांगितलेलं नाही. मागे गेल्यावर परत उडी मारून यायचं की मधले दिवस पुन्हा जगायचे, यातही एकवाक्यता नाही.

मला विचाराल तर ही भोकं खरी आहेत, आणि तरी मी समुद्राच्या प्रसंगातला एकही क्षण कापू देणार नाही.

एकच दिवस दोनदा जगण्याचा सल्ला नेमका काय आहे?

वडील टिमला दोन भागांचं सूत्र देतात. आधी प्रत्येक दिवस साधा, इतरांसारखा जगायचा. मग तोच दिवस पुन्हा जगायचा, जवळजवळ काही न बदलता. पहिल्या खेपेला धावपळीत आणि काळजीत जे दिसलं नाही ते बघायचं.

टिम करून पाहतो. पहिल्या खेपेला कचेरीत साहेब मित्राला झापतो आणि टिम मान खाली घालून बसतो. दुकानात पैसे देताना समोरच्या मुलीकडे बघत नाही. न्यायालयात धावत शिरतो. परतताना गाडीत शेजाऱ्याच्या कानातलं गाणं मोठ्याने ऐकू येतं आणि त्याचं डोकं उठतं. दुसऱ्या खेपेला तोच साहेब, तीच बोलणी, पण टिम मित्राला गुपचूप हसवतो. दुकानातल्या मुलीशी दोन शब्द बोलतो. न्यायालयाच्या उंच दालनात मान वर करून बघतो. गाडीत शेजाऱ्याच्या गाण्यावर हवेत बोटं वाजवतो. घरी मेरी विचारते, कसा गेला दिवस? पहिल्या उत्तरात थकवा होता, दुसऱ्यात तो दिवस चांगला होता.

यापुढे टिमने स्वतःची एक पायरी जोडली आहे. तो मागे जाणं सोडून देतो आणि दिवस पहिल्याच खेपेला असा जगतो, जणू तो इथे मुद्दाम परत आला आहे. कर्टिस यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की एका मित्राबरोबर जेवताना आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस कोणता असेल यावर गप्पा निघाल्या, आणि तो घरच्यांबरोबरचा साधासुधा दिवसच असेल असं त्यांच्या लक्षात आलं. कथेचं बीज तिथलं.

भुयारी रेल्वेतलं गाणं कोणतं?

'हाऊ लाँग विल आय लव्ह यू'. मूळ 'द वॉटरबॉइज' या गटाचं, १९९० सालचं. सिनेमात ते जॉन बोडेन, सॅम स्वीनी आणि बेन कोलमन स्टेशनात वाजवत उभे असतात. टिम आणि मेरी त्यांच्यासमोरून ये-जा करतात, आणि प्रत्येक फेरीत कपडे आणि ऋतू बदललेले असतात. एका गाण्यात दोघांचे कित्येक महिने सरतात, तेही काळप्रवासाशिवाय. एली गोल्डिंगने गायलेलं हेच गाणं त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पुष्कळ गाजलं. अंत्यविधीचं गाणं निक केव्हचं, 'इनटू माय आर्म्स', १९९७ सालचं. पार्श्वसंगीत निक लेअर्ड-क्लाउज यांचं.

चित्रीकरण कुठे झालं?

घर कॉर्नवॉलमध्ये सेंट ऑस्टेलजवळचं पोर्थपीन हाउस. समुद्रकिनारा गोरान हेवनजवळचा व्हॉल्ट बीच. भुयारी रेल्वेचं स्टेशन लंडनचं मेडा व्हेल. इंग्लंडात राहणारे वाचक किनाऱ्यावर जाऊ शकतात. घर खाजगी आहे, त्यामुळे ते लांबूनच पाहावं.

सिनेमा चालला का?

ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. साधारण सव्वा कोट डॉलर खर्च, आणि जगभरातून आठ कोट डॉलरच्या वर गल्ला. समीक्षकांची मतं विभागलेली होती. सर्वांत मोठं यश दक्षिण कोरियात मिळालं, तिथे तीस लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली. आईवडिलांशी प्रेमाचं उघड बोलायची सवय नसलेल्या आणखी एका समाजात हे व्हावं, याचं मला नवल वाटत नाही.

रेचल मॅकॲडम्स काळप्रवासाच्या दुसऱ्याही सिनेमात होती ना?

होती. 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' (२००९) आणि 'मिडनाइट इन पॅरिस' (२०११). तिन्हींत प्रवास पुरुष करतो, ती नाही.

दुसऱ्यांदा पाहताना काय बघावं?

बिल नाय यांच्याकडे बघा. आपण दिवस दोनदा जगतो हे वडील उशिरा सांगतात. ते कळल्यावर पहिल्यापासून सिनेमा लावला की त्यांचा प्रत्येक प्रसंग वेगळा दिसतो. समुद्रावरचा रोजचा चहा, शुक्रवारी अंगणात पडदा लावून भर पावसात पाहिलेला सिनेमा, मुलाशी टेबल टेनिस. यांतली पहिली खेप कोणती आणि दुसरी कोणती? टिमला गुपित सांगतानाचा प्रसंग खास बघा. मुलगा थट्टा समजून हसतो आणि वडील अजिबात घाई करत नाहीत. त्याला हसू देतात, त्याच्याकडे बघत राहतात. माझी खात्री आहे की ती सकाळ वडील दुसऱ्यांदा जगत आहेत.